पाडव्याला बंद केलेला प्लांट

आमच्या बडोद्यात कुणालाही काहीही विचारा, उत्तर एकच येतं: ‘थई जशे.’ होऊन जाईल. शिंप्याचं ब्लाउज थई जशे, प्लंबरचा नळ थई जशे, बँकेतलं केवायसी थई जशे. आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात हा शब्द आता इतका मुरलाय की आईसुद्धा पुरणाचं विचारलं की तेच म्हणते. यात लबाडी नसते. बोलणाऱ्याचा त्या क्षणी खरंच तसा विश्वास असतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

मी इथल्याच कलाभवनात शिकले. सयाजीरावांनी १८९० मध्ये सुरू केलेली ती शाळा आज विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे. त्यानंतर नऊ वर्षं पादरा गावाच्या बाजूच्या एका केमिकल कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये काढली. प्लॅनिंग म्हणजे दुसऱ्याच्या कामाचे तक्ते रंगवणं. एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, ‘यंदाचं शटडाऊन तू चालव.’ त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी कुणाशी बोलले नाही.

शटडाऊन म्हणजे काय ते आधी सांगते. असा प्लांट रात्रंदिवस चालतो. दोनेक वर्षांनी तो पूर्ण थांबवायचा, पाइपांतून, टाक्यांतून माल काढायचा, सगळं उघडायचं, साफ करायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं आणि परत बंद करून सुरू करायचं. आम्हाला दिवस मिळाले सतरा. त्यात एरवी ऐंशी माणसं असतात त्या जागी साडेतीनशे माणसं, दोन क्रेन, आणि प्रत्येक दिवसाचा तोटा लाखांत.

माझ्याकडे कामांची यादी आली तेव्हा तिच्यात ४१२ ओळी होत्या. ही यादी कशी तयार होते ते गमतीचं असतं. दोन वर्षं ज्याला ज्याला ज्या कामाचा कंटाळा आला, त्याने त्याने ते ‘शटडाऊनमध्ये बघू’ म्हणून तिथे ढकललेलं असतं. यादी घेऊन मी केबिनमध्ये बसले नाही. फोरमनकाकांना बरोबर घेतलं आणि पाच दिवस प्लांटमध्ये फिरले. काका रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, मेहसाण्याकडचे, तोंडात सदैव वरियाळी, म्हणजे बडीशेप. प्रत्येक ओळीपाशी उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: हे काम प्लांट चालू असताना होऊ शकतं का? होऊ शकत असेल तर यादीतून बाहेर. जिन्याचे कठडे, दिवे, स्पेअर पंप, रंगकाम, सगळं बाहेर काढलं. २६८ उरली.

मग तारीख ठरवली. शटडाऊनच्या सहा आठवडे आधी यादी बंद. त्यानंतर कुणाला काम घालायचं असेल तर कागदावर लिहायचं की त्याला किती तास लागतील आणि त्याच्या बदल्यात काय काढायचं, आणि त्यावर प्लांट हेडची सही आणायची. पहिल्या आठवड्यात माझ्याशी तीन जणांनी बोलणं टाकलं. पण सही आणायला पायऱ्या चढाव्या लागतात म्हटल्यावर अर्धी कामं आपोआप गैरजरुरी ठरली.

इथे माझी एक चूकही सांगून टाकते. कूलिंग वॉटरच्या एका जुन्या व्हॉल्व्हचं काम आठ दिवस उशिरा आलं आणि मी नियमाच्या तोऱ्यात ते नाकारलं. जुलैत तो व्हॉल्व्ह गळायला लागला आणि युनिट दोन दिवस बंद ठेवावं लागलं. यादी बंद करायचीच, पण दार लावून घेतलं तरी बाहेर कोण उभं आहे ते बघायला हवं होतं.

आता तारखेची गोष्ट. मूळ आराखड्यात शटडाऊन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होतं. कारण साधं होतं. बजेट ३१ मार्चला संपतं, त्याआधी खर्च टाकायचा. मी तक्ता करून, रंग भरून, मोठ्या कागदावर छापून काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि विचारलं, ‘बेन, होळी क्यारे छे?’

मी म्हटलं, होळीची एक सुट्टी धरलीय.

काका हसले. ‘बधा छोकरा घेर जशे.’ सगळी पोरं घरी जातील.

आमच्याकडे मचाण बांधणारी, इन्सुलेशन काढणारी, ओझी उचलणारी बहुतेक पोरं दाहोद-पंचमहालची, आदिवासी गावांतली. त्यांच्याकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी. होळीच्या आधी घरी जातात, मग त्यांचे मेळे असतात, आणि मेळे संपल्यावरच परततात. कॅलेंडरवर लाल आकडा एक दिसतो, माणसं मात्र दहा-बारा दिवस नसतात. ठेकेदार हे सांगणार नाही. त्याला विचारलं तर म्हणेल, थई जशे, दुसरे आणतो. दुसरे कुठून आणणार? साऱ्या गुजरातेतल्या साइटी त्याच आठवड्यात रिकाम्या होतात.

म्हणून मी तारीख पुढे ढकलायचं ठरवलं. अकाउंट्सवाले उसळले, बजेट लॅप्स होईल म्हणून. तीन मीटिंगा झाल्या. शेवटी ऑर्डरी याच वर्षात काढून ठेवायच्या आणि काम पुढच्या वर्षात करायचं अशी तोड निघाली. सेल्सवाले उलट खूश झाले, कारण मार्चअखेरपर्यंत माल मिळणार होता. नवी तारीख आली ती थेट गुढीपाडव्याची.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, ‘लोक पाडव्याला काहीतरी सुरू करतात आणि तू बंद करतेस?’ गुढी उभारून, कडुनिंबाचं पान चावून, मी साडेसहाच्या बसने निघाले.

त्या निर्णयाचीही किंमत होतीच, ती पुढे मोजली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो. कॉलमच्या, म्हणजे उंच लोखंडी टॉवरच्या पोटात, लोखंडी भिंतींमध्ये दुपारी माणूस अर्धा तास टिकत नाही. आत शिरायचं काम आम्ही रात्री आठ ते सकाळी दहा असंच ठेवलं. आत जाण्याआधी ऑक्सिजन मोजायचा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर प्रवेश नाही, आणि भोकापाशी बाहेर एक माणूस सतत उभा, त्याने दुसरं कुठलंही काम करायचं नाही. दुपारचे तास वाया गेले असं कागदावर दिसत होतं. मला ते वाया गेले असं वाटत नाही.

वेळेच्या अंदाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मी इथे शिकले. फिटरला विचारलं, हा एक्स्चेंजर (माल तापवायचं-थंड करायचं यंत्र) उघडून साफ करून लावायला किती दिवस? तो म्हणतो चार. तो खरं सांगत असतो. त्याच्या डोळ्यांपुढे पान्याचं काम असतं. काम सुरू करायचा परवाना मिळायची वाट, क्रेन दुसरीकडे अडकलेली, मचाण बांधून न झालेलं, हे तो धरत नाही, कारण त्याच्या लेखी ते काम नाहीच.

जानेवारीत, उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात, दुसऱ्या युनिटवर एक छोटं काम चाललं होतं. मी घड्याळ घेऊन तिथे उभी राहिले. शिफ्ट सकाळी आठची. पहिला पाना फिरला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मधले दोन तास वीस मिनिटं परवान्याच्या खिडकीवर रांगेत गेले. कुणी आळशी नव्हतं. तीस जणांचे परवाने एकच माणूस लिहीत होता आणि सगळे एकाच वेळी येत होते.

उपाय अगदीच साधा निघाला. उद्याचे परवाने आज संध्याकाळी लिहून ठेवायचे. सकाळी फक्त गॅस तपासायचा, जागा बघायची आणि सही करायची. शिवाय खिडक्या तीन केल्या. शटडाऊनमध्ये पहिला पाना पावणेनऊपर्यंत फिरायला लागला. साडेतीनशे माणसांचा रोजचा दीड-एक तास वाचला. तक्त्यात कितीही हुशारी केली असती तरी एवढं मिळालं नसतं.

तक्त्याला मात्र मी नावं ठेवणार नाही. कामांची जी साखळी सगळ्यात लांब तीच पूर्ण प्रकल्पाचा वेळ ठरवते, हे क्रिटिकल पाथचं गणित १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या केमिकल कंपनीतल्या मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडच्या जेम्स केली यांनी बसवलं. त्याच्या सुरुवातीच्या वापरांत कारखान्याचं शटडाऊन होतं, म्हणजे हे आमच्याच धंद्यातलं हत्यार. आमच्या २६८ कामांपैकी जेमतेम एकवीस कामं त्या साखळीत होती: मोठा कॉलम आणि त्याच्या तळाशी माल उकळवणारा रिबॉयलर. बाकीच्यांना थोडी ढील होती. मी त्या एकवीस कामांच्या माणसांचे फोन नंबर भिंतीवर लावले आणि चांगली क्रेन त्यांच्यासाठी राखून ठेवली. दुसरं म्हणजे प्रत्येकाच्या कामात लपवलेली राखीव वेळ काढून घेतली आणि शेवटी दोन दिवस एकत्र ठेवले, माझ्याकडे. प्रत्येकाच्या खिशात थोडी थोडी ठेवली की ती उडते. पोरांच्या खाऊच्या पैशांसारखं.

सामानाबद्दल एकच गोष्ट. रिबॉयलरचा मोठा गॅस्केट, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मधे बसवायची कडी, बाहेरून यायचा होता. पुरवठादार आठवडाभर फोनवर सांगत होता, ‘माल निकल गया.’ आमच्या स्टोअरच्या म्हाताऱ्या क्लार्कने मला शिकवलं की ‘निघाला का’ विचारायचं नाही, ‘बिल्टीचा फोटो पाठवा’ म्हणायचं. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याची पावती. फोटो दोन दिवस आला नाही तेव्हा कळलं की गॅस्केट अजून बनलाच नव्हता. माणूस पाठवून, त्याच्या दारात बसवून, पाडव्याच्या चार दिवस आधी आणला.

आणि मीटिंग. रोज संध्याकाळी साडेपाचला, उभ्याने, वीस मिनिटं. पहिल्या दोन दिवशी मी विचारायची, किती झालं? उत्तरं यायची: साठ टक्के, ऐंशी टक्के, नव्वद टक्के. तिसऱ्या दिवशीही एका कामाचं नव्वद टक्केच आलं. काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘केटलुं थयुं ना पूछो. शुं बाकी छे, ए पूछो.’ किती झालं ते विचारू नका, काय राहिलंय ते विचारा.

फरक जादूसारखा होता, पण जादू नव्हती. ‘किती झालं’ला माणूस अंदाज सांगतो, आणि अंदाज सांगताना आपली लाज राखतो. ‘काय राहिलंय’ म्हटलं की त्याला मनातल्या मनात त्या जागेवर जाऊन बघावं लागतं. नव्वद टक्केवाल्याने बोटं मोडत सांगितलं: आठ बोल्ट मिळाले नाहीत, वेल्डिंगचा एक्स-रे व्हायचाय, आणि इन्स्पेक्शनवाला परवापासून आला नाही. म्हणजे तो तीन दिवस अडकून पडला होता आणि नव्वदच्या आकड्याखाली झाकून बसला होता. बोल्ट स्टोअरमध्येच होते, दुसऱ्या नावाने.

सहाव्या रात्री खरी परीक्षा झाली. रिबॉयलरचं बंडल, म्हणजे शेकडो नळ्यांचा तो जुडगा, ओढून बाहेर काढताना स्लिंग, म्हणजे ओझ्याला बांधायचा पट्टा, घसरली आणि फ्लँजच्या, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोडाच्या, तोंडावर ओरखडा गेला. नखाला लागेल एवढा. बाहेरून बघणाऱ्याला दिसलाही नसता. रात्री एकच्या सुमारास बावीस-तेवीस वर्षांचा एक फिटर माझ्या कंटेनरमधल्या ऑफिसपाशी येऊन उभा राहिला. हातात हेल्मेट. म्हणाला, ‘बेन, लागी गयुं छे.’

मी ओरडणारच होते, खोटं कशाला बोलू. सहा दिवस चार-चार तास झोप, त्यात क्रिटिकल पाथवरचं सामान. शब्द ओठांपर्यंत आले होते. पण मागे काका उभे होते, आणि त्यांच्या मागे पोराचे सात-आठ साथीदार अंधारात, माझं तोंड बघत. मी विचारलं, ‘तिथे जाऊन बघूया. दुरुस्तीला काय लागेल?’

जागेवरच फ्लँजचं तोंड घासून सपाट करणारी मशीन मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून पहाटे मागवली. चौदा तास गेले. सकाळी साहेबांनी विचारलं, कुणी केलं? मी सांगितलं, ज्याने येऊन सांगितलं त्याच्यामुळे आपले तीन दिवस वाचले. हे गोडगोड बोलणं नव्हतं, हिशोब होता. तो ओरखडा तसाच राहिला असता तर सगळं लावून, पाणी भरून, दाब देऊन टेस्ट घेताना गळती दिसली असती, आणि मग सगळं परत उघडावं लागलं असतं.

त्या रात्रीनंतर माझ्या कंटेनरच्या दारात लोक वाईट बातम्या घेऊन यायला लागले. कुणाची टॉर्क रेंच बिघडलेली, कुणाचा वेल्डर आजारी, कुणी चुकीचा गॅस्केट बसवलेला. एक-दोन वेळा वैतागलेही, पण तोवर दार उघडं आहे हे त्यांना कळलं होतं. मी रात्रपाळीला शेव-उसळ मागवायची. ती खाताना जे ऐकायला मिळायचं ते साडेपाचच्या मीटिंगमध्ये कधीच मिळालं नसतं.

पाळी बदलताना होणारं नुकसान हा एक वेगळाच रोग. दिवसाच्या माणसाने अर्धं सांगायचं, रात्रीच्याने पाव ऐकायचं. मला दर वेळी आमचा लक्ष्मीविलास राजवाडा आठवायचा. त्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारले, आणि रॉबर्ट चिझम यांनी तो १८९० मध्ये पूर्ण केला. आपलं गणित चुकलं, इमारत कोसळणार, या धास्तीने मँट खचले अशी गोष्ट बडोद्यात सांगतात. राजवाडा अजून उभा आहे. पण त्या चिझमना पहिल्या माणसाच्या कागदांतून काय काय समजून घ्यावं लागलं असेल, हा विचार मी आठ वाजताच्या गोंधळात करायची. शेवटी नियम केला की वही हातात देऊन नाही, जागेवर जाऊन पाळी द्यायची. दोघांनी मशीनपाशी उभं राहायचं, आणि घेणाऱ्याने परत बोलून दाखवायचं. पंधरा मिनिटं जास्त जातात. लोक कुरकुरले, मी ऐकलं नाही.

पंधराव्या रात्री ब्लाइंडचा बोर्ड आला. ब्लाइंड म्हणजे दोन फ्लँजांच्या मधे घालायची लोखंडी चकती, म्हणजे माणसं आत असताना चुकूनही त्या पाइपातून काही येणार नाही. आम्ही ६४ घातल्या होत्या. प्रत्येकीला पितळी टॅग, आणि जोडीचा टॅग बोर्डावर. चकती काढली की तिचा टॅग आणून बोर्डावर टांगायचा. एकही आत राहिली आणि प्लांट सुरू केला तर ती लाइन बंदच, आणि दाब कुठे जाऊन कोंडेल ते सांगता येत नाही.

पहाटे दोन वाजता बोर्डावर ६३ जोड्या होत्या. सेहेचाळीस नंबरची खुंटी अर्धी रिकामी.

सगळे म्हणाले, काढलीय. ठेकेदार म्हणाला, काढलीय. सुपरवायझर शपथेवर म्हणाला. स्टार्टअपची टीम तयार बसलेली, साहेब फोनवर. मी जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. काका मागून धापा टाकत. बॅटरीच्या उजेडात फ्लँज बघितला: चकती नव्हती, नवा गॅस्केट होता, बोल्ट आवळलेले. मग टॅग कुठाय? ती चकती काढणाऱ्या दाहोदकडच्या पोराला झोपेतून उठवलं. त्याने डोळे चोळत शर्टाच्या खिशातून काढून दिला. ‘राही गयो, बेन.’ कुणी हसलं, कुणी त्याला शिवी दिली. मी टॅग टांगला आणि मगच सही केली.

प्लांट साडेअठराव्या दिवशी सुरू झाला. दीड दिवस उशीर. माझे राखलेले दोन दिवस फ्लँजच्या घासकामात आणि एका टेस्टमध्ये आधीच गेले होते, त्यावर हा दीड. साहेबांनी उशिराबद्दल विचारलं, मी तासातासाचा हिशोब दिला, विषय संपला. आठवड्याच्या आत, आठवणी ताज्या असताना, काकांना आणि सगळ्या सुपरवायझरांना लिलो चेवडो आणि चहा देऊन बसवलं आणि पुढच्या वेळेसाठी काय वेगळं करायचं ते लिहून घेतलं. त्या फाइलच्या पहिल्या पानावर होळीची आणि मेळ्यांची तारीख आहे, पुढच्या तीन वर्षांची.

यादीतून बाहेर काढलेली कामंही नंतर एकेक करून उरकली. एकच राहिलंय: तिसऱ्या मजल्याच्या जिन्याचा कठडा, त्याला पिवळा रंग द्यायचाय. काल पेंटरला विचारलं, काय बाकी आहे? तो म्हणाला, काही नाही बेन, फक्त रंगच. थई जशे.